जपून ठेवलीय म्हणे!

मा. महोदय (किंवा महोदया),

स. न. वि. वि.

आपलं नाव आम्हाला ठाऊक नाही. आपण कोणत्या कंपनीत, कोणत्या मजल्यावर बसता हेही कधी कळलं नाही. तरी आपली ओळख पटायला अडचण येत नाही. फोनमध्ये एखादी फाईल डाउनलोड करायला घेतली की वरच्या पट्टीत एक बारीक बाण खाली उतरतो, त्याची बरोबरची खूण होते, ‘डाउनलोड पूर्ण’ असे दोन शब्द झळकतात आणि अंगठा तिथे पोचायच्या आत गायब होतात. फाईल आली. कुठे आली, ते विचारायचं नाही. हे ज्यांनी ठरवलं ते आपण. पत्र आपल्यालाच आहे.

प्रथम अभिनंदन. घरोघरी एक आजी असते. तिने महत्त्वाचा कागद जपून ठेवलेला असतो, आणि जपून ठेवल्यामुळेच तो पुढची दहा वर्षं कोणाला सापडत नाही. ही कला आपण कोट्यवधी फोनमध्ये नेऊन बसवलीत. आजीला विचारलं तर ती निदान कपाटाकडे बोट तरी दाखवते. आपण ‘अलीकडील’ नावाची एक यादी दाखवता आणि तीत कालच्या लग्नाचे फोटो असतात.

आता आपली बाजूही मांडतो, नाहीतर खटला एकतर्फी चालवला म्हणाल. फायली आणि फोल्डर ही भानगड नवख्या माणसाला झेपत नाही, असं आपल्या पंथाचं मत फार जुनं. स्टीव्ह जॉब्झ २००५ साली एका मुलाखतीत याच अर्थाचं बोलले होते. गाणं हवं असेल तर माणूस गायक शोधतो, अल्बम शोधतो, फाईल कुठे शोधतो? मुद्दा बिनतोड होता, गाण्यापुरता. २००७ साली आयफोन आला तो फायली दाखवायची कसलीही सोय न देता. ‘फाइल्स’ नावाचं अ‍ॅप त्यात यायला २०१७ उजाडलं. सफारीतून डाउनलोड केलेली वस्तू रीतसर एका जागी ठेवायची पद्धत तर २०१९ची, आणि तीही मुळात आयक्लाउडमधल्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरात. म्हणजे कागद आपल्या खिशात आहे की कंपनीच्या ढगात, हा प्रश्न पुन्हा आहेच.

अँड्रॉइडवाल्यांनी फोल्डर कधी पुरते लपवले नाहीत, पण ते बघायला धड खिडकीही सुरुवातीला दिली नाही. मग लोकांनी बाहेरची अ‍ॅप घेतली. ईएस फाईल एक्स्प्लोरर हे त्यातलं घरोघरी पोचलेलं नाव. ते २०१९मध्ये प्ले स्टोअरवरून काढून टाकण्यात आलं, आणि २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली त्या यादीतही ते होतं. त्या यादीतल्या टिकटॉकसाठी देशाने सुतक पाळलं. पण शेअरइट, झेंडर, कॅमस्कॅनर आणि ईएस फाईल एक्स्प्लोरर हेही त्याच यादीत होते. फाईल पाठवायची, कागद स्कॅन करायचा, फाईल शोधायची अशी सगळी अवजारं एका संध्याकाळी गेली. बंदीची कारणं काय असायची ती असोत. माझा मुद्दा एवढाच की फाईल शोधणं हे फोनचं स्वतःचं काम होतं, आणि ते आपण इतकी वर्षं परक्यावर सोपवून ठेवलं होतंत.

गूगलने डिसेंबर २०१७मध्ये ‘फाइल्स गो’ काढलं. ते मुख्यतः आपल्याकडच्या भरून गेलेल्या फोनसाठी होतं, आणि ‘गुड मॉर्निंग’ची चित्रं ओळखून ती पुसायला सुचवण्याची अक्कल त्याला होती. सूर्योदय, गुलाब आणि सुविचार यांना हुडकून काढणारी यंत्रबुद्धी आली. दहावीचं मार्कशीट कुठे आहे ते सांगणारी यायची आहे.

कधी सापडलीच फाईल, तर तिचा पत्ता काय निघतो? स्टोरेज, त्यात एम्युलेटेड, त्यात शून्य. शून्य म्हणजे आम्ही. खरंच. फोनच्या पहिल्या वापरकर्त्याला अँड्रॉइड शून्य हा क्रमांक देतं. आणि ‘एम्युलेटेड’ कशाला? पूर्वी फोनमध्ये वेगळं मेमरी कार्ड असायचं आणि फायली त्याच्यावर जायच्या. आता कार्ड नसलं तरी जुन्या अ‍ॅपना ते आहेसं वाटत राहावं म्हणून आतल्याच साठ्याने कार्डाचं सोंग घेतलं. तर असा आमचा सातबारा: नसलेल्या कार्डावर, शून्य नावाच्या खातेदाराच्या घरात.

हा झाला सोपा पत्ता. तीच फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरून आली असेल तर पत्ता असा: अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप, त्यात व्हॉट्सअ‍ॅप, त्यात परत मीडिया, त्यात व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स. पूर्वी व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर उघड्यावर, दारातच असायचं. मग अँड्रॉइडची दहावी आवृत्ती २०१९मध्ये आणि अकरावी २०२०मध्ये आली, आणि प्रत्येक अ‍ॅपने आपापल्या खोलीत राहायचं, दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही, असा नियम झाला. कारण रास्त होतं. त्याआधी साठ्याची परवानगी एकदा दिली की बॅटरी उजळवणारं अ‍ॅपसुद्धा आपले सगळे कागद चाळू शकायचं. चोरांना दार बंद केलंत, उत्तम केलंत. फक्त मालकाकडे किल्ली द्यायची राहिली. ‘अँड्रॉइड’मधलं ‘डेटा’ नावाचं फोल्डर फाईल मॅनेजरमधूनही उघडेनासं झालं. आणि अ‍ॅप काढून टाकलं की तिथली त्याची खोली सामानासकट पाडली जाते, हे मालकाला पाडून झाल्यावर कळतं.

मग मालक काय करतो? तो पुन्हा डाउनलोड करतो. दिसत नाही म्हणजे झालीच नसणार, असा साधा हिशोब. आपण लगेच नावापुढे कंसात एक लिहिता. मग दोन. मग तीन. वीजबिलाच्या पाच जुळ्या भावंडांनी घर भरतं आणि आपणच वर कळवता की जागा संपत आली आहे, काहीतरी हटवा. काय हटवू? व्हॉट्सअ‍ॅपने ठेवलेलं ‘डॉक’, पुढे तारीख, पुढे डब्ल्यूए आणि चार आकडे, या नावाच्या तीनशे फायलींपैकी कुठली लग्नाच्या हॉलची पावती आणि कुठली सोसायटीच्या सभेची नोटीस, हे नावावरून सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

बरं, सापडली. आता उघडायची. ‘ही फाईल उघडण्यासाठी अ‍ॅप उपलब्ध नाही.’ पीडीएफ कालपर्यंत उघडत होती, आज काय झालं? झालं असं की १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ई-मेलसाठी एक पद्धत घालून दिली, की पाठवणाऱ्याने वस्तूबरोबर तिचा प्रकारही लिहून पाठवावा. हे चित्र आहे, हा आवाज आहे, हा मजकूर आहे. पुढे वेबनेही तीच उचलली. पण पाठवणाऱ्या संकेतस्थळाने कंटाळा केला आणि नुसतं ‘ऑक्टेट-स्ट्रीम’ लिहिलं, की अर्थ होतो ‘आहेत काही बाइट, तुमचं तुम्ही बघा’. संगणकावर आपण नावाच्या शेपटीकडे बघतो, डॉट पीडीएफ दिसतं, भागतं. फोनवर ती शेपटीही पुष्कळदा दिसत नाही, कारण तिने आमचा गोंधळ होईल अशी आपल्याला काळजी.

मराठी माणसाच्या वाट्याला यात थोडं जास्तच येतं. शाळेचं परिपत्रक, गावच्या मंडळाचा अहवाल, वकिलांनी दिलेला मसुदा, यातलं बरंच काही अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं असतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण टायपिस्टची बोटं त्याच्या आधीपासूनची आहेत. अशी वर्डची फाईल फोनवर उघडली की फाँट नसल्यामुळे इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हं यांचा खच पडतो, आणि घरातलं ज्येष्ठ मंडळ ‘फोन बिघडला’ असा निकाल देतं. दुसरी मौज फाईलच्या नावाची. नाव मराठीत असेल तर वाटेत कुठेतरी त्याचं भाषांतर यंत्राच्या भाषेत होतं. देवनागरीतल्या एकेका चिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्क्याची खूण आणि दोन अक्षरं. म्हणजे एका चिन्हाची नऊ. ‘सातबारा’ हा एवढासा शब्द डाउनलोड होताना कधीकधी त्रेसष्ट अक्षरांचा होऊन उतरतो, आणि मग शोधाच्या चौकटीत ‘सातबारा’ लिहिलं की फोन इमानदारीत म्हणतो, असं काही नाही.

इतका वेळ मी गंमत केली. आता आपल्याला जिथे न्यायचं आहे तिथे चला. झेरॉक्सच्या दुकानात.

ही जागा निवडण्याला कारण आहे. कागद, फोल्डर, टपालाचा ट्रे अशी ऑफिसातली चित्रं पडद्यावर मांडणारा संगणक बाजारात आणला तो झेरॉक्स कंपनीने, १९८१ साली. त्याचं नाव ‘स्टार’. माणसाला आपला कागद कुठे ठेवलाय हे डोळ्यांना दिसावं, बोटाने उचलता यावं, एवढ्यासाठी तो खटाटोप. आपण तो दृष्टीआड केलात, आणि आता कागद हरवलेली सगळी माणसं जमतात ती ज्या दुकानात, त्याच्या पाटीवर त्याच कंपनीचं नाव असतं.

जून-जुलैचे दिवस घ्या. अकरावीचे प्रवेश, शिष्यवृत्त्या, पीकविमा, सगळं एकदम. रांगेत एक काकू येतात.

‘दादा, एक प्रिंट काढायची होती.’

‘पाठवा व्हॉट्सअ‍ॅपला. नंबर वर लिहिलाय बघा.’

‘सापडत नाहीये हो.’

‘कशात डाउनलोड केली? क्रोममध्ये, का कुणी पाठवली?’

‘मोबाईलमध्ये केली.’

हे उत्तर ऐकून हसू नका. आपणच त्यांना शिकवलंत की मोबाईल हीच एक जागा असते आणि तिच्या आत आणखी जागा नसतात. दादा म्हणतो, ‘द्या इकडे.’ काकू कुलूप काढलेला फोन काउंटरपलीकडे देतात. त्या क्षणी बँकेचे मेसेज, मुलीचे फोटो, डॉक्टरांचे रिपोर्ट सगळं काउंटरपलीकडे जातं. दादा बिचारा सज्जन असतो, त्याला फक्त रांग पुढे सरकवायची असते. तीन ठिपके, डाउनलोड्स, ही घ्या. मग ती फाईल स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, तिथून दुकानाच्या संगणकावर. तिथे ती उघडत नाही, कारण आधार आहे आणि आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो.

‘पासवर्ड सांगा काकू. नावाची पहिली चार अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि जन्मसाल.’

‘एस, यू, एन, आय. एकोणीसशे अडुसष्ट.’

रांगेतल्या सगळ्यांना काकूंचं वय कळलं. पासवर्डही कळला. प्रिंट निघाली, दहा रुपये दिले, काकू गेल्या. फाईल राहिली. दुकानाच्या संगणकात ‘डाउनलोड्स’ नावाचं एक फोल्डर आहे, आणि महोदय, ते मात्र कुणालाही सापडतं. त्यात अख्ख्या वॉर्डाचे आधार, पॅन, उत्पन्नाचे दाखले, भाडेकरार, कुणाच्या एमआरआयचा अहवाल. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली होती. आधारची छायाप्रत सरसकट कुणाला देऊ नका, आणि सायबर कॅफेतल्या संगणकावर ई-आधार डाउनलोड केलंत तर त्याच्या सगळ्या प्रती कायमच्या पुसा. सूचनेचा गैरअर्थ निघेल म्हणून सरकारने ती दोन दिवसांत मागे घेतली. पण कॅफेपुरता सल्ला शहाणा होता. अडचण अशी की स्वतःच्या फोनमधली प्रत ज्याला सापडत नाही, तो दुसऱ्याच्या संगणकातली काय पुसणार?

आमच्या भागातल्या एका दुकानात आता पाटी लागली आहे: ‘मोबाईलमधील फाईल शोधून मिळणार नाही. आधी शोधा, मग रांगेत या.’ पाटीचा उपयोग शून्य. शोधून मिळतेच. मालकाने पाटी लावली ती मनस्वास्थ्यासाठी असावी.

तर आपण केलेली सोय ती ही. फाईल कुठे आहे हे माहीत असण्याचं ओझं आपण आमच्या डोक्यावरून उतरवलंत, पण ते कुणाच्या तरी डोक्यावर जाणारच होतं. ते गेलं झेरॉक्सच्या दादाकडे, सेतू केंद्रातल्या मुलीकडे, कॉलेजातल्या भाच्याकडे. ज्याला जागा माहीत, कागद त्याचा. माझ्या ओळखीतले कितीतरी शहाणेसुरते लोक महत्त्वाचा कागद स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवतात. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२मध्ये स्वतःला संदेश पाठवायची अधिकृत सोयही दिली. फोन असलेला माणूस फोनमधली वस्तू फोनमध्ये ठेवण्यासाठी ती फोनवरूनच स्वतःला पाठवतो. यापेक्षा स्पष्ट अविश्वास ठराव आपल्याविरुद्ध कुणी मांडू शकत नाही.

शेपटी लपवण्याचा आपला छंद मात्र गमतीच्या पलीकडचा आहे. विंडोजने नव्वदच्या दशकात नावाची शेवटची तीन अक्षरं लपवायला सुरुवात केली, आणि मे २०००मध्ये जगभरच्या लोकांना एक प्रेमपत्र आलं. ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी’, साधा मजकूर दिसणारं. त्यापुढे डॉट व्हीबीएस होतं, ते पुष्कळांच्या पडद्यावर दिसलंच नाही. उघडलं की ते पत्र नसून प्रोग्राम असायचा, आणि तो पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना पुढे प्रेमपत्रं पाठवायचा. आता आपल्याकडे प्रेमपत्रांऐवजी लग्नपत्रिका येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका’, नाहीतर ‘आरटीओ चलन’, आणि नावाच्या शेवटी एपीके. ठिकठिकाणच्या पोलिसांनी याबद्दल इशारे दिले आहेत. एपीके म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाईल. पत्रिका म्हणून दाबलं, दोनतीन ‘परवानगी द्या’ला होकार दिला, की ते अ‍ॅप मेसेज वाचायला लागतं, आणि मेसेजमध्ये बँकेचा ओटीपी असतो. इथे शेपटी दिसत असते, महोदय. पण शेपटीकडे बघायचं असतं हे आम्ही विसरलो आहोत. विसरायला लावणारे शिक्षक कोण, ते आपण जाणता.

आमच्या मागण्या फार नाहीत. डाउनलोड झाल्यावर जागेचं नाव एका ओळीत सांगा, आणि आम्ही बोट लावेपर्यंत ती ओळ पुसू नका. ठेवण्याआधी कुठे ठेवू ते विचारा. आपण म्हणाल, ही सोय तर आहे. आहेच. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये जा, खाली डाउनलोड्सपर्यंत जा, तिथे ‘फायली कुठे ठेवायच्या ते विचारा’ असं एक बटण आहे. आयफोनमध्येही सफारीच्या सेटिंग्जमध्ये आयक्लाउडऐवजी फोनमधलीच जागा निवडता येते. सोय आपण केलेली आहे. फक्त ती जपून ठेवली आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
शून्य क्रमांकाचा वापरकर्ता

ता. क. हे पत्र पीडीएफ करून पाठवत आहे. सुरक्षेसाठी पासवर्ड घातला आहे: आपल्या नावाची पहिली चार अक्षरं, कॅपिटलमध्ये, पुढे जन्मसाल. आपलं नाव आम्हाला ठाऊक नसल्यामुळे ते अंदाजाने घातलं आहे. उघडलं नाही तर जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात दाखवावं. रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला लागेल.